व्हिक्टरच्या मानेवरचा हात

"मग माझं घोडं नेमकं अडलंय कुठं, ते तरी सांगा ना आक्का!"

निनाद हे उभ्यानंच बोलला. बसायला खुर्ची होती, स्टूल होतं, खिडकीला रुंद कठडा होता. पण गेले काही दिवस त्याचं बूड कशालाच टेकत नव्हतं.

इंदूआक्का चौगुले लेन्स पुसत होत्या. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि गोल गोल फिरणारं एक बोट.

"कुठं अडलंय, म्हणालास?"

"तेच तर विचारतोय मी!"

"हं..."

आणि पुन्हा लेन्स.

आता अशा बाईपुढं माणसानं करावं तरी काय? निनाद खिडकीपर्यंत गेला. परत आला. खिशातून फोन काढला, बघितला, ठेवला, पुन्हा काढला.

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात आक्कांचा स्टुडिओ आहे. एके काळी त्या लग्नामुंजीचे फोटो काढायच्या. मग एकदा कुणीतरी आपला बैलच दारात आणून उभा केला. आक्कांनी दाराबाहेर पडदा ताणला आणि बैलाचा फोटो काढला. तो बघायला अर्धी पेठ लोटली. तेव्हापासून आक्का जनावरांच्याच झाल्या. माणसांपेक्षा जनावरं बरी, म्हणायच्या. फोटो बघून नाकं मुरडत नाहीत.

निनाद सोहोनी पुण्याचा. मुंबईला जाऊन स्टुडिओतल्या प्रकाशाचा रीतसर कोर्स करून आलेला. पोरगा हुशार, यात वादच नाही. पांढऱ्या मांजराचा केस न् केस मोकळा दाखवावा आणि काळ्या कुत्र्याला काळ्या पडद्यातून अलगद बाहेर काढावं, ते निनादनंच. आणि कॉम्प्युटरवर बसला, की मग काय विचारता! गळ्यातली साखळी, नाकावरचा शेंबूड, पडद्याची सुरकुती, सगळं साफ. आपण डोळे चोळत बसावं.

पण आक्कांनी त्याला अजून एकदाही कॅमेऱ्यामागं उभं केलं नव्हतं. दिवे लाव, जनावर धर, नंतर साफसफाई कर. बस्स.

आणि तिकडं पुण्याला कोथरुडात त्याचा स्वतःचा स्टुडिओ रंग लावून तयार होता. दसऱ्याचा मुहूर्त. पेंटरनं बोर्डसुद्धा अर्धा रंगवलेला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! वर मोठ्या अक्षरांत 'सोहोनी पेट पोर्ट्रेट्स', आणि खाली एक ओळ रिकामी. त्या ओळीत लिहायचं होतं, 'इंदूआक्का चौगुले यांच्या तालमीत तयार'.

ही ओळ असली, की हुबळीपासून नाशकापर्यंतची कुत्र्यामांजरांची माणसं डोळे मिटून त्याच्या दारात येणार होती. नसली तर पुण्यात असे स्टुडिओ काय कमी आहेत?

आक्का हो म्हणत नव्हत्या. नाही पण म्हणत नव्हत्या.

"आक्का, दिव्यांत काही कमी आहे का माझ्या?"

"नाही."

"एडिटिंगमध्ये?"

"छे! कुणाला जमत नाही तुझ्यासारखं."

"मग?"

आक्कांनी लेन्स कॅमेऱ्यावर चढवली. तिच्यावर टोपण बसवलं. जुन्या धाटणीचं, नुसतं वरून दाबून बसणारं टोपण. त्याला एक लांब सुतळी बांधलेली. जनावराजवळ बसायचं आणि वेळ आली, की लांबून सुतळी ओढायची. टोपण पडतं, तिपाईला लोंबकळतं. मग त्याच हातातलं वायरचं बटण दाबायचं. ही आक्कांची पद्धत.

आणि वेळ आली म्हणजे काय, तेही ठरलेलं. जनावरानं जांभई दिल्याशिवाय टोपण निघायचं नाही!

पुण्याच्या मित्रांना हे सांगताना निनाद पोट धरधरून हसला होता. एकदा त्यानं आक्कांनाच विचारलं होतं, पोपट कधी जांभई देतो का हो?

"देतो की," आक्का म्हणाल्या होत्या. "तू थांबला नाहीस, म्हणून तुला दिसली नाही."

आज मात्र त्या वेगळंच बोलल्या.

"आता महिपती हवालदार येतील, त्यांच्या व्हिक्टरला घेऊन. आजचा फोटो तू काढ."

निनादचा पाय जागच्या जागी थबकला.

"मी? कॅमेऱ्यावर?"

"मग काय तुझा काका?"

"आणि जमला तर... बोर्डावर नाव घालू?"

"आधी कुत्रं तर येऊ दे, बाबा."

कुत्रं आलं. अल्सेशियन, पाठीवर काळा, पोटाला तांबूस, तोंडाभोवती पिकलेला. मागचे पाय चालताना थोडे लटपटत होते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला महिपती गुरव. पोलिसांच्या श्वानपथकात दोघांनी बरोबर नोकरी केली, निवृत्तही बरोबरच झाले, आणि आता एकाच घरात राहत होते. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, आता जपा ह्याला.

"आनलं बघा आक्का, आमच्या सायबाला."

"या, या. पाणी ठेवलंय त्याला."

"फोटू फकस्त त्याचा काडायचा हं," हवालदार निनादकडं बघून म्हणाले. "माजं थोबाड नगं त्यात. भिंतीवर त्यो एकटा पायजे. पयल्यावानी, रुबाबात बसल्याला."

"काळजीच सोडा," निनाद म्हणाला.

आणि लागला कामाला. डावीकडून मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे ती पांढऱ्या कापडाची दिव्याची पेटी. उजवीकडं रिफ्लेक्टर. मागून एक अरुंद दिवा, पाठीची काळी कड उजळायला. चौरंगावर सतरंजी. सगळं कसं चोख! पडद्यावर उजेड असा पसरला, की हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली.

आणि निनादनं पहिली गोष्ट काय केली असेल? टोपण काढून खिशात टाकलं. सुतळी राहिली बाहेर लोंबत.

आक्का खिडकीच्या कठड्यावर बसल्या होत्या. त्यांनी बघितलं. बोलल्या नाहीत.

व्हिक्टर चौरंगावर चढला. बसला. उठला. दाराकडं वळला. निनादनं त्याला पुन्हा बसवलं. दिवा एकदा उडवून बघितला, तसा व्हिक्टर दचकून खालीच उतरला.

"अरे बस, बस... बस ना रे!"

निनादनं पिशवीतून रबरी खेळणं काढलं आणि दाबलं. चीं चीं चीं. कुत्र्याचा कान हलला नाही. फोनवर मांजराचं ओरडणं लावलं. नाही. टाळ्या वाजवल्या, शीळ घातली, "व्हिक्टर! व्हिक्टर!" करून घसा कोरडा केला. कुत्रं आपलं निनाद डावीकडं गेला की डावीकडं बघे, उजवीकडं गेला की उजवीकडं. निनाद दिव्यापासून कॅमेऱ्यापर्यंत आणि कॅमेऱ्यापासून दिव्यापर्यंत नाचत होता. कुत्र्याची मान त्याच्याबरोबर फिरत होती. घाम नुसता टपटपत होता.

"फार चंचल आहे हो," निनाद वैतागून म्हणाला.

"कोण?" आक्कांनी विचारलं.

निनादनं ते ऐकलंच नाही.

हवालदार घोटाळत पुढं आले.

"सायेब... त्याला ऐकू येत न्हाई. लई दिस झालं आता."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!"

"तुमी इचारलं न्हाई..."

निनाद हात कमरेवर ठेवून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा आक्कांचा कॅमेरा हातात आला, आणि समोर काय, तर ठार बहिरं कुत्रं! त्याला खरंच रडू यायचं बाकी होतं.

"मी बसवू का?" हवालदार म्हणाले.

ते गुडघ्यावर बसले. गुडघे कुरकुरले, तसं त्यांनी तोंड वाकडं केलं. मग त्यांनी हात लांब करून व्हिक्टरच्या मानेवर ठेवला आणि बोटं दाट केसांत रुतवली.

कुत्रं बसलं.

नुसतं बसलं नाही. छाती पुढं आली, कान उभे राहिले, लटपटणारे पाय सरळ झाले. तोंड वर करून ते हवालदारांकडं बघायला लागलं. असं बसलं, की आत्ता हुकूम सुटेल आणि आत्ता ते उडी घेईल.

"वा! तसंच! हात तसाच राहू द्या, तो मी नंतर काढतो!"

फट. फट. फट.

"झालं!" निनाद ओरडला.

व्हिक्टरनं तेव्हा कुठं तोंड उघडून लांबलचक जांभई दिली. पण निनादची पाठ फिरली होती. तो कॉम्प्युटरपाशी पोचलासुद्धा.

हवालदार बाहेरच्या बाकावर चहा घेत बसले. व्हिक्टर त्यांच्या पायांवर आडवा झाला. आत आक्का निनादच्या मागं स्टूल ओढून बसल्या.

निनादची बोटं भराभर चालायला लागली. आधी मनगट गेलं. मग पंजा. मग एकेक बोट. हाताच्या जागी दुसरीकडचे केस आणून बसवले. बघता बघता फोटोत एकटा व्हिक्टर उरला.

"बघा! हात होता असं कुणाला कळेल तरी का?"

आक्का पुढं वाकल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"इथं काय झालंय?"

निनादनं मोठं करून बघितलं. मानेवरचे केस दबलेले होते. चार खोलगट रेघा, आणि बाजूला अंगठ्याची एक. हात नव्हता, पण दाब होता.

"हात्तिच्या! हे काय, आत्ता करतो."

त्यानं केस उभे केले. एकेक बट फुलवली. मान भरून आली.

"आता?"

"बघतोय कुणाकडं तो?"

"कोण?"

"व्हिक्टर."

निनादनं डोळा मोठा केला. पिंगट बुबुळ पडद्याभर पसरलं. त्यात सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन, आणि त्या चौकोनाला लागून एक इवलासा माणूस. गुडघ्यावर बसलेला, हात लांब केलेला.

"बापरे, हे राहिलंच होतं. बरं झालं दाखवलंत."

त्यानं तो माणूस पुसला. चौकोन नीट केला. मग दुसऱ्या डोळ्यातलाही पुसला. नजर थोडी तिरकी जात होती, ती सरळ कॅमेऱ्याकडं वळवली. तोंडाभोवतीचा पांढरेपणा कमी केला. पयल्यावानी पाहिजे म्हणाले होते ना?

निनाद मागं वळून आक्कांच्या तोंडाकडं बघत राहिला. कौतुकाचा एक शब्द, निदान एक हुंकार... काही नाही. आक्का पुन्हा भलतीकडंच बघत होत्या. इतक्या दिवसांत ही बाई आपल्याकडं कधी धड बघतसुद्धा नाही, ही निनादची जुनीच तक्रार होती.

त्यानं हवालदारांना आत बोलावलं.

हवालदार पडद्यासमोर उभे राहिले. बराच वेळ बघितलं. टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"लई देकना आलाय," ते म्हणाले.

"आवडला ना?"

"तर वं! लई झ्याक. एकदम सायेब दिसतोय."

निनादचा चेहरा फुलला. हवालदार दारापर्यंत गेले, तिथं थांबले, आणि परत आले. निनादला टाळून ते आक्कांशी हळू आवाजात बोलले.

"आक्का, त्यो वाया गेल्याला फोटू... हात आल्याला... त्यो टाकूनच देनार असशीला न्हवं?"

"का हो?"

"न्हाई म्हनलं... टाकनार असला तर मी नेला असता."

निनादच्या कानावर ते पडलंच. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"अहो, पण तो कच्चा आहे! त्यात तुमचा हात आलाय. नखं काळी दिसतायत. आणि तुम्हीच म्हणालात ना, तुमचं काही नको त्यात?"

"म्हनलो की," हवालदार ओशाळून म्हणाले. "चुकलंच माजं. ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. ह्योच द्या."

आक्का उठल्या. त्यांनी हाताचा फोटो छापला, वाळवला आणि हवालदारांना दिला. हवालदारांनी तो टॉवेलात गुंडाळला, काखेत धरला आणि व्हिक्टरला घेऊन बोळातून निघून गेले. निनादचा फोटो त्यांनी मागितला नाही. विसरले असतील, असं आपलं म्हणायचं.

आणि मग निनादचा बांध फुटला.

"मी त्यांनी सांगितलं तेच केलं ना, आक्का?"

"केलंस की."

"मग चुकलं कुठं माझं?"

"चुकलं, असं म्हणालं कोण?"

"कोड्यात बोलू नका हो! हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. तिकडं पेंटर ब्रश धरून बसलाय, दसरा तोंडावर आलाय, आणि इथं माझा जीव नुसता टांगणीला लागलाय..."

खरं सांगायचं, तर निनाद घाबरला होता. चांगली नोकरी सोडून त्यानं हा घाट घातला होता. ती एक ओळ नसली, तर आपल्या दारात कुत्रंसुद्धा येणार नाही, असं त्याला रात्रंदिवस वाटत होतं. म्हणून त्याचा पाय ठरत नव्हता. पण हे तो कुणाला सांगणार?

आक्कांनी त्याच्याकडं हात पसरला.

"टोपण दे."

त्यानं खिशातून टोपण काढून दिलं. आक्कांनी ते लेन्सवर दाबून बसवलं, सुतळी सोडवली आणि चौरंगाकडं बोट दाखवलं.

"बस तिथं."

"मी?"

"उद्घाटनाला तुझा फोटो लागेल की नाही? मी काढते."

निनादच्या जिवात जीव आला. फोटो काढतायत, म्हणजे नावही देतील. तो चौरंगावर बसला. सतरंजीवर व्हिक्टरचे केस पडले होते, ते त्यानं झटकले. कॉलर नीट केली.

"आक्का, डावी बाजू माझी बरी येते."

"हं."

"मागचा दिवा जरा खाली घ्या. केस फार चमकतील."

"हं..."

आक्कांनी दिव्याला हात लावला नाही. त्या कठड्यावर जाऊन बसल्या.

निनादनं हसरा चेहरा केला. गाल दुखायला लागले, तसा सोडला. गंभीर चेहरा केला. पाय हलायला लागला. खिशात फोन थरथरला, त्यानं तो दाबून बंद केला.

"काढताय ना?"

"टोपण आहे अजून."

निनाद हसला.

"म्हणजे मलापण तो नियम?"

"का? तू काय आकाशातून पडलास?"

निनादनं तोंड वासून मोठ्ठा आ केला.

"ही नाटकातली," आक्का म्हणाल्या.

पंखा फिरत होता. बोळातून भंगारवाला ओरडत गेला. निनादनं डावा पाय दाबून धरला, तर उजवा हलायला लागला. उजवा धरला, तर बोटं वाजायला लागली. त्याला वाटलं, उठावं, हे सगळं गुंडाळावं आणि सरळ पुण्याची गाडी धरावी. नको ते नाव. नको ती ओळ. आणि लगेच दुसरं वाटलं, उठलो तर संपलंच.

तो उठणार, तेवढ्यात आक्का आल्या.

एका हातात सुतळी आणि वायरचं बटण होतं. दुसरा हात त्यांनी निनादच्या मानेवर ठेवला.

खरखरीत हात. जरा गारच.

"आक्का, मी..."

आक्कांनी हात उचलला नाही.

"आक्का, मला खरं तर..."

निनादनं ते वाक्य सोडून दिलं. पंखा फिरत होता. कुणाच्या तरी परसात धुणं आपटलं जात होतं. किती वेळ गेला, ते त्याला सांगता आलं नसतं. पाय कधी थांबला, हेही त्याला कळलं नाही. एवढा वेळ उभं राहून ह्या बाईचे पाय दुखत असतील, असं मात्र मध्येच त्याच्या मनात आलं. तसं विचारायला म्हणून त्यानं मान वर केली...

आणि त्याला जांभई आली. चांगली लांबलचक, डोळ्यांतून पाणी काढणारी.

सुतळी ओढली गेली. टोपण पडलं.

फट.

आक्कांनीच फोटो कॉम्प्युटरवर घातला आणि त्याला खुर्ची दिली.

"माझा हात काढ त्यातला."

निनादनं फोटो बघितला. बाजू डावी नव्हती. केस चमकत होते. कॉलर एकीकडं दबलेली, डोळे ओले, आणि मानेवर शिरा वर आलेला म्हातारा हात. हे थोबाड उद्घाटनाला लावायचं? पण हात काढणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ होता. त्यानं माऊस धरला.

आजच शिकला होता. नुसता हात काढून भागत नाही. आधी दाब बघायचा. डोळे बघायचे.

त्यानं डोळा मोठा केला.

बुबुळात पांढरा चौकोन होता, आणि चौकोनाला लागून इवल्याशा आक्का. पदर खांद्यावरून घसरलेला, एक हात लांब केलेला, थोड्या वाकलेल्या. त्या कॅमेऱ्याकडं बघत नव्हत्या. भलतीकडंही बघत नव्हत्या.

त्या निनादकडं बघत होत्या.

निनादच्या हाताखालचा माऊस हलला नाही. त्यानं दुसरा डोळा मोठा केला. तिथंही तेच. त्यानं उगाच नाक पुसलं.

"काढलास का?" मागून आक्कांनी विचारलं.

खिशात फोन पुन्हा थरथरायला लागला. पेंटरच होता. निनादनं भांबावून भलतंच बटण दाबलं आणि पेंटरचा आवाज स्टुडिओभर घुमला.

"अहो साहेब, आहात कुठं? वरचं सगळं वाळलं. खालची ओळ काय घालू? नाव नक्की झालं का नाही? आज नाही सांगितलंत, तर दसऱ्याला बोर्ड मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो!"

निनाद फोन हातात धरून आक्कांकडं वळला. पाय दोन्ही जमिनीवर होते.

"साहेब? ऐकताय ना? काय करू त्या ओळीचं?"

आक्का टोपण लेन्सवर बसवत होत्या. सुतळी बोटांना गुंडाळत त्या म्हणाल्या,

"मोकळी सोड म्हणावं. नाव नको, हात ठेवायला जागा लागते."